चित्र कोणत्या बाजूने

मी जेवत होते. त्याने माझ्या ताटाशेजारी एक काळी, पत्र्याची डबी आणून ठेवली आणि पाटीवर लिहिलं, ‘याची माहिती शोधून दे.’ मी डबीकडे बघितलंच नाही, पाटीकडेच बघत राहिले. ऑपरेशननंतर त्या पाटीवर जे काही उमटलं होतं ते म्हणजे पाणी, नको, हो, दार, आणि एकदा ‘पंखा’. अख्खं वाक्य हे पहिलंच, आणि त्यात ‘दे’ होतं, म्हणजे माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो गोंधळ. इतक्या महिन्यांनी नवरा बोलला आणि बोलला तो एका डबीबद्दल. मी नेहमीसारखं ‘हो हो, देते ना’ म्हटलं आणि भात संपवला. तो डबीशेजारी उभाच होता. त्याला अजून काही लिहायचं असावं असं मला नंतर वाटलं. तेव्हा मी ताट उचलून आत गेले होते.

त्याचा आवाज गेलाय. घशात गाठ झाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं, आता तो गळ्यातल्या भोकातून श्वास घेतो आणि वर मऊ कापडाचा रुमाल बांधतो. बाकी सगळं जागच्या जागी आहे. ऐकू येतं, कळतं, लिहिता येतं. माझी नणंद मात्र फोन आला की स्पीकर लावायला सांगते आणि भावाशी अशी ओरडून बोलते जणू तो विहिरीत पडलाय. ‘अरे, जेवलास का रे!’ शेजारचे खिडकीत येतात. तिला मी किती वेळा सांगितलं, वन्सं, त्याचा गळा गेलाय, कान नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. हॉस्पिटलने एक यंत्रही दिलं होतं, गळ्याला टेकवून ओठ हलवले की आवाज काढणारं. त्याने ते एकदाच लावलं. माझं नाव घेतलं. रिकाम्या पिंपातून कुणीतरी हाक मारावी तसा तो आवाज आला आणि माझ्या तोंडावर जे काही उमटलं असेल ते त्याने बघितलं. यंत्र कपाटाच्या खालच्या खणात गेलं ते तिथेच आहे. मी ते काढ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? का त्याच्याच मनाने काढेल म्हणून वाट बघायला हवी होती? या घरात सध्या कुठलीच गोष्ट मला धड ठरवता येत नाही.

आणि तो कोण, तर बोलण्यावर जगलेला माणूस. नोकरी त्याची वीज कंपनीत मीटर तपासायची, पण ती पोटासाठी. खरा तो वरच्या खोलीत असायचा, रेडिओपुढे. ऐकायचा रेडिओ नाही, बोलायचा. हौशी लोकांचा असतो तसा, परवाना काढून घेतलेला. गच्चीवर तारेची अँटेना, टेबलावर संच, हातात माइक, आणि दुनियेतल्या कुठल्या तरी कोपऱ्यातला कुणीतरी तसाच खुळा माणूस पलीकडे. हे लोक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, चिन्हाने ओळखतात. परवान्याबरोबर अक्षरं-आकड्यांचं एक चिन्ह मिळतं तेच त्यांचं गोत्र. रविवारी सकाळी रेडिओवरच्या ठरलेल्या जागी त्याची मंडळी जमायची. वेगवेगळ्या देशांतली, कुणाची भाषा कुणाला धड येत नाही, मोडक्यातोडक्या एकाच परक्या भाषेत सगळे हवापाण्यापासून गुडघेदुखीपर्यंत बोलायचे. मी खालून कपडे वाळत घालताना ऐकायचे. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तो त्यांना म्हणाला, ‘अँटेना उतरवतोय, दुरुस्ती आहे, काही दिवस दिसणार नाही.’ मी हातात ओली चादर घेऊन उभी राहिले. अँटेना ठणठणीत होती, अजूनही आहे, तिच्यावर कबुतरं बसतात. खोटं बोलणं हे त्यांच्याशी त्याच्या स्वतःच्या आवाजातलं शेवटचं बोलणं व्हावं याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. ऑपरेशनला नेताना माझ्याशी शेवटचं काय बोलला ते मात्र मला आठवत नाही. बहुतेक किल्ली कुठे आहे असं काहीतरी.

डबीचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी दुकानात लागला. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती अवजड फ्रेम चढवायची, काचा बदलायच्या आणि विचारायचं, ‘हे बरं की हे?’ दिवसभर तेच. एका बाईंना विचारत होते आणि मनात डबी फिरत होती. ती रेडिओ आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसते एवढं त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करायचं, कॉम्प्युटर अक्षरांचे सूर करणार, ही डबी ते सूर रेडिओला झेपतील इतपत करून माइकच्या जागी सोडणार, आणि पलीकडच्या माणसाच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटणार. असं बोलणाऱ्यांची तो टिंगल करायचा. ‘चिवचिव मंडळ’ म्हणायचा त्यांना. माणसाने माणसाशी गळ्याने बोलावं, हा त्याचा धर्म. आणि आता धर्म बुडवून तो चिवचिव मंडळात निघाला होता, कारण तिथे कुणालाच आवाज नसतो. जिथे कुणालाच नाही तिथे याला नाही हे कळणार कुणाला? ‘अहो, हे बरं की हे?’ असं मी बाईंना तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काच बदललीच नाहीये.’ मी त्यांची माफी मागितली. माझ्या मनात एकच होतं: तो तिकडे बोलायला लागला की इकडेही बोलेल? की तिकडे बोलता येतंय म्हटल्यावर इकडची उरलीसुरली गरजही संपेल? मी डबीच्या माहितीचा कागद शोधून द्यायचा तो त्याला परत आणायला की घालवायला?

शोधायला सुरुवात केली. तो स्वतः शोधू शकला असता, शोधत होताही. पण पहिल्या पानावर सापडलं नाही तर जग मूर्ख असा त्याचा स्वभाव. डबी त्याने जुन्या सामानाच्या बाजारातून टपालाने मागवली होती, विकणाऱ्याने ना कागद दिला ना पत्ता. नावाची पट्टी घासलेली. शेवटचा आकडा तीन की आठ तेच कळेना. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी डबी दुकानात नेली आणि आमच्या भिंगाखाली धरली. मालक डोकावले. ‘हे कुणाचे डोळे?’ म्हणाले. म्हटलं, नवऱ्याचा गळा आहे. ते बिचारे हसावं की नाही या विचारात पडून आत गेले. आकडा आठ निघाला. मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसले. एक ना धड, भाराभर चिंध्या. डबी बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती, तिचं पान मात्र ‘लवकरच परत येत आहोत’ म्हणून दिवा लावून बसलं होतं. एका ठिकाणी माहितीपुस्तिका आहे म्हणून दाबलं तर वजन कमी करण्याचं चूर्ण निघालं. एका ठिकाणी अचूक नाव, अचूक आकडा, आणि पुस्तिका अशा लिपीत की जणू काड्यापेटी सांडलीय. एका ठिकाणी सगळं वाचता येण्यासारखं, पण ते तीनच्या डबीचं. तीनची डबी आठच्या डबीची थोरली बहीण. तोंडवळा तोच, पोटात सगळं वेगळं. मी ते छापून घरी नेलं तर त्याने एक नजर टाकली आणि मान हलवली. पाटी उचललीसुद्धा नाही. इतका राग आला मला! दिवसभर डोळे फोडून आणलेलं, त्याला नुसती मान? पूर्वीची मी असते तर तो कागद त्याच्या डोक्यावर आपटला असता. मी म्हटलं, ‘असू दे, उद्या बघते.’ गोड आवाजात. माझा गोड आवाज मलाच ओळखू येत नाही हल्ली.

आम्ही भांडायचो छान. लोक आमच्याकडे यायला बिचकायचे इतकं छान. ओळखसुद्धा भांडणातून झाली. तो चष्मा करायला आला होता, मी नवीन नोकरीला लागलेली, विचारलं, ‘हे बरं की हे?’ तर म्हणाला, ‘दोन्ही सारखीच वाईट.’ मी म्हटलं, असं नसतं, एक बरं असतंच. तो म्हणाला, ‘मग तुम्हीच सांगा, डोळे माझे, हट्ट तुमचा.’ मालकांनी येऊन दोघांना गप्प केलं. लग्नानंतर अँटेनाच्या तारेवर साड्या वाळत घालण्यावरून भांडण, नळावरून भांडण, नणंदेला कुणी फोन करायचा यावरून भांडण. तो वरच्या खोलीतून ओरडायचा, मी खालून. जिना मधे. एखाद्या रविवारी माइक चालू असताना ओरडला तर पलीकडच्या माणसाला वाटायचं यांच्याकडे आग लागली. मग ऑपरेशन झालं, आणि ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? हात बांधलेल्या माणसाला मारल्यासारखं होतं ते. म्हणून मी भांडणं बंद केली. तो म्हणेल ते हो. तो लिहायला लागला की मला पहिल्या दोन अक्षरांत कळायचं, मी लगेच हो म्हणायचे, त्याचे कष्ट वाचवायचे. हळूहळू त्याने लिहिणंच सोडलं. मला वाटायचं तो खचलाय. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. नणंद म्हणाली, ‘अगं, त्याला ऐकू येतंय ना नीट?’

शेवटी कागदवाला सापडला. म्हणजे मी त्याला हे नाव दिलं. त्याचंही खरं नाव कुठे नव्हतं, चिन्ह होतं फक्त. जगातल्या तमाम बंद पडलेल्या कंपन्यांच्या पुस्तिका त्याने जमवून, एकेक पान स्कॅनरच्या काचेवर ठेवून, आपल्या पानावर चढवल्या होत्या. फुकट. कशासाठी, देव जाणे. आत शिरायला तुमचं चिन्ह द्यावं लागायचं, त्यांच्यातली रीतच ती. मला कुठलं चिन्ह? मी नवऱ्याचं टाकलं. दार उघडलं. आणि होती तिथे, आठची पुस्तिका, तिरकी ठेवलेली, पहिल्या पानावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग. मी दुकानात एकटीच टाळी वाजवली. घरी नेऊन दिली तेव्हा त्याने पानं उलटली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्याच्या कपाळावरच्या आठ्या त्याच्या जुन्या जागी गेल्या, कामात असताना जायच्या तशा. मला वाटलं आता पाटी घेईल. त्याने पेचकस घेतला.

घोडं अडलं ते चित्रापाशी. डबीच्या पोटात छिद्रांच्या रांगा असतात, त्यात तारेचे तुकडे खोचायचे. कुठला तुकडा कुठे ते तुमच्या रेडिओच्या माइकच्या जोडणीवर ठरतं. त्याच्या रेडिओची जोडणी म्हणजे गोलात आठ पिना. पुस्तिकेत गोलाचं चित्र होतं, पिनांना आकडे होते, पण बघायचं कुठून ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. समोरून, की प्लग उघडून जिथे तारांना डाख दिलेला असतो त्या पाठच्या बाजूने? समोरून बघितलं तर उजवीकडची पिन दोन, पाठून बघितलं तर तीच जागा सातची. चुकलं तर जिथे आवाज जायचा तिथे वीज जाणार आणि संच जळणार. नवीन संच घेण्याची ऐपत आता नव्हती, आणि ऐपतीपेक्षाही, तो पुन्हा उमेद धरेल असं मला वाटत नव्हतं. तो एक बाजू दाखवायचा, मी दुसरी. मी म्हटलं, नजरेच्या तपासणीत पेशंटचा उजवा डोळा आपल्या डावीकडे येतो, तसं असेल हे. त्याने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. त्याने टेबलावर मूठ आपटली. आणि मी काय करावं? ‘बरं, तू म्हणशील तसं’ म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी जाळलं. कुठून बघायचं ते खरंच कळेना मला, ना चित्राकडे, ना त्याच्याकडे. त्याच्या बाजूने बघावं तर त्याची बाजू कुठली ते तो सांगत नव्हता, आणि माझ्या बाजूने बघितलं तर सगळं उलटं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी कागदवाल्याला लिहिलं, नवऱ्यासाठी विचारतेय म्हणून, माझ्या फाटक्या परक्या भाषेत. तो तिकडे जागाच असावा, लगेच उत्तर आलं. ‘अहो बाई, हे लिहून सांगण्यापेक्षा त्यालाच रविवारी हवेवर यायला सांगा, दोन मिनिटांत समजावतो. आहे कुठे तो? एवढा काळ कसली अँटेना दुरुस्त करतोय?’ म्हणजे हा रविवारच्या मंडळींपैकीच होता, चिन्हावरून त्याने ओळखलं होतं. मी लिहिलं, ‘तो बोलू शकत नाही.’ त्याने विचारलं, ‘माइक बिघडला?’ मी लिहिलं, ‘गळा.’ आणि पाठवून दिलं. मग आलं, ‘समोरून बघायचं. पाठून बघाल तर जळेल.’ आणि त्याखाली, ‘त्याने आम्हाला सांगितलं नाही.’ तेव्हाच लिहायला हवं होतं की तुम्हीही कुणाला सांगू नका. पण एक गृहस्थ तुटकी दांडी घेऊन आले, मी उठले. दांडी बसवायला कितीसा वेळ लागतो? परत येऊन लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. विसरले म्हणावं तर विसरले नव्हते. स्क्रू फिरवताना तेच डोक्यात होतं. मग काय होतं ते? कुणाला तरी सांगून हलकं व्हायचं होतं मला, की त्याला पकडून द्यायचं होतं? मला आजही नक्की सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं वरच्या खोलीत. तारेचे तुकडे त्याने चिमट्याने खोचले, मी पुस्तिका उजेडात धरून आकडे वाचले. वायरी लावल्या. सुरांच्या जोराची बटणं जुळवायची होती. जास्त झालं तर सूर फाटतो, कमी झालं तर पोचत नाही. तो कान देऊन हळूहळू फिरवत होता. मग त्याने आपलं चिन्ह टाइप केलं, डबीवरचा दिवा लाल झाला, रेडिओतून पाखरं चिवचिवल्यासारखा आवाज आला, आणि काही जळलं नाही. दिवा विझला. खरखर. आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली, एकेक करून, जणू कुणीतरी लाजत लाजत बोलतंय. मी त्याच्या खुर्चीची पाठ धरून वाचत होते. कागदवालाच होता. ‘या, मित्रा. फार आनंद झाला. तुझ्या घशाचं बायकोकडून कळलं. मंडळींना मी सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं. तुझी बायको धीराची आहे. आता तू सांग, प्रकृती कशी?’

त्याची मान लाल झाली, रुमालापर्यंत. त्याने उत्तराचं बटण दाबलं, दिवा लाल झाला, पण लिहिलं काहीच नाही. मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मग पडदा माझ्याकडे फिरवला आणि कळफलक बडवायला लागला. परक्या लिपीत आपली भाषा, वाकडीतिकडी, ठेचकाळत. ‘कुणाला विचारून सांगितलंस? ती एक जागा होती जिथे मी आजारी नव्हतो. ती पण घालवलीस.’ मी तोंड उघडलं तर त्याने हात वर करून थांबवलं. ‘थांब. मधे बोलू नकोस. नेहमी मधेच हो म्हणतेस. मला काय लिहायचंय ते पुरं व्हायच्या आत हो म्हणून उठून जातेस. पाटीवर दोन अक्षरं झाली की तुला सगळं कळतं. काय कळतं? मी पाणी लिहिलं तर तू पाणी आणलंस. मला लिहायचं होतं पाणी गळतंय, नळ दुरुस्त कर म्हणून तुला किती वेळा सांगितलं होतं. तू माझ्याशी भांडत नाहीस. नर्ससारखी वागतेस. माझा गळा कापला तर तू का गप्प झालीस?’

मला लाल दिवा दिसत होता. तो चालू होता, म्हणजे हे सगळं हवेवर जात होतं, नळासकट. त्याच्या ध्यानात नव्हतं. मी सांगायला हवं होतं. पण तो बोलत होता. इतका, इतका वेळ बोलत होता, आणि माझ्याशी बोलत होता, आणि मी सांगितलं असतं तर थांबला असता. म्हणून मी दिव्याकडे पाठ केली आणि ओरडले. किती महिन्यांनी ओरडले! ‘मग सांगायचं होतंस ना! गळा गेला होता, हात तर होते? मीच सगळं ओळखायचं? लोकांना अँटेनाच्या थापा मारायच्या तू, आणि खोटं सांभाळायचं मी? आणि नळ तू आजारी पडायच्या आधीपासून गळतोय!’ रडत होते की काय कुणास ठाऊक, नाक वाहत होतं. त्याने ऐकलं सगळं, मान तिरकी करून, जिन्यावरून ऐकायचा तसं. मग उत्तर द्यायला बोटं उचलली आणि त्याची नजर डबीवर गेली.

त्याने घाईघाईने बटण बंद केलं. दिवा विझला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, पोरांनी खिडकीची काच फोडून आता घरमालकाची वाट बघावी तसे. नुसती खरखर. मग अक्षरं आली. ‘एकूण एक अक्षर मिळालं. शब्द एकही कळला नाही. पण सूर अगदी स्वच्छ आहे, कुठेही तुटत नाही. हे माझ्यासाठी होतं का?’

त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, नुसता गळ्यातल्या रुमालातून श्वास फसफसत होता. तो आता असा हसतो हे मला माहीत नव्हतं. डोळे पुसून त्याने बटण दाबलं, दिवा पुन्हा लाल झाला, आणि या वेळी त्याने सावकाश, मला प्रत्येक अक्षर दिसेल असं लिहिलं: ‘नाही. बायकोशी बोलतोय. थांबा, अजून संपलं नाही.’